यापूर्वी उघडलं होतं का?

५ सप्टेंबर

बातमी पक्की आहे. दहा आठवडे पूर्ण, एकच बाळ, ठोके व्यवस्थित. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी साडेदहाला सांगितलं आणि दुपारी चारला आम्ही सामानासकट या घरी पोचलो. आई होणार आणि सासरी राहणार, दोन्ही एकाच दिवशी ठरलं. ट्रंक उचलताना नवरा म्हणाला, आता तू फक्त हुकूम सोडायचे. सासूबाईंनी जिन्यावरूनच ऐकलं आणि म्हणाल्या, हुकूम सोडायची जागा आधीच भरलेली आहे. सगळे हसले. मीही हसले, खरंखरं.

खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर तीन खोल्या. जिना दुकानातूनच चढतो, त्यामुळे घरात येणारा प्रत्येक जण आधी साठ घड्याळांसमोरून जातो. दुरुस्तीला आलेलं घड्याळ सासरे मुद्दाम बरोबर वेळेला लावत नाहीत. ते किती मागे पडतं, किती पुढे जातं, हे आधी दोन दिवस नुसतं बघतात. त्यामुळे भिंतीवर एकाच वेळी सगळ्या वेळा असतात. सासूबाई म्हणतात, या घरात किती वाजले विचारू नये, भांडणं होतात.

सासऱ्यांचा हात आता कापतो, नजर मात्र पक्की आहे. म्हणून नवऱ्यानं बाहेरची नोकरी सोडली आणि आम्ही इथे आलो. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, पाळणा तिथेच ठेवायचा असं ठरलंय.

माझ्या गोळ्यांची डबी मी शिवणाच्या पेटीत, बटणांखाली ठेवली.

१९ सप्टेंबर

दुपारी मी दुकानात बसते. पावत्या लिहिते, घड्याळांना दोरे बांधून क्रमांक लावते. सासऱ्यांना आवडतं. म्हणतात, अक्षर बरं आहे, म्हणजे माणूसही बरं असणार.

आज एक गंमत कळली. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते एकच प्रश्न विचारतात: यापूर्वी उघडलं होतं का? गिऱ्हाईक म्हणतं, छे हो, आजोबांच्या काळापासून कुणी हातही लावला नाही. मग ते मान डोलावतात आणि पावती करतात. गिऱ्हाईक गेल्यावर मागचं झाकण उघडून माझ्या डोळ्याला भिंग लावून दाखवतात. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या बारीक खुणा. दुरुस्ती करणारा प्रत्येक जण तारीख कोरून ठेवतो, ही या धंद्याची रीत आहे. आजच्या ‘अजिबात न उघडलेल्या’ घड्याळात पाच खुणा होत्या.

मी विचारलं, मग तोंडावर का सांगत नाही? ते म्हणाले, अगं, खोटं बोलणारा लबाडच असतो असं नाही. कुणी तरी त्याला सांगितलेलं असतं, म्हणून तो सांगतो. आपण एकदाच विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं की तो अपमान.

२ ऑक्टोबर

दवाखान्यात नावनोंदणी झाली. फॉर्मवर प्रश्न होता: आधीचे आजार, आधीच्या शस्त्रक्रिया. नवरा शेजारी बसून पेनाचं टोपण उघडझाप करत होता. मी दोन्हीकडे ‘नाही’ लिहिलं. अक्षर बरं आलं.

रक्ताचे सगळे आकडे ठीक आहेत. डॉक्टर म्हणाल्या, थायरॉइडसुद्धा अगदी बरोबर. बरोबर असणारच. रोज सकाळी मी तोंड धुताना बटणांखालची गोळी घेते.

या वहीत तरी खरं लिहिते. एकोणीस वर्षांची होते तेव्हा माझा गळा सुजला. चार माणसांचं जेवत होते आणि वाळत होते. हात थरथरायचे, छाती धडधडायची, झोप नाही. आणि डोळे. डोळे बाहेर आले होते, पापण्या मिटत नव्हत्या. रस्त्यावरची पोरं बघून पळायची. गोळ्यांनी भागलं नाही, शेवटी सर्जननी गळ्यातली ती थायरॉइडची ग्रंथीच काढून टाकली. आठ महिन्यांत मी माणसात आले. त्या वर्षीच्या कॉलेजच्या फोटोतून आईनं माझा चेहरा ब्लेडनं कापून काढला आणि चुलीत टाकला. बाकीचा वर्ग अजून भिंतीवर आहे, मध्ये एक भोक.

मानेवर रेघ राहिली. बाहेर जाताना मी स्कार्फ बांधते. लग्न ठरताना आईनं सांगितलं, लहानपणी काटेरी तारेत अडकली होती. नवऱ्यानं विश्वास ठेवला. लाडात आला की मला ‘तारेवरची’ म्हणतो.

ऑपरेशननंतर घरी निघताना सर्जननी आईला केबिनमध्ये बोलावलं होतं. मी बाहेर बाकावर होते. आई बाहेर आली आणि म्हणाली, बरी झालीस म्हणाले, आता कुणाला काही सांगायचं नाही. एवढंच.

१४ नोव्हेंबर

बाळ हललं! आतून कुणी तरी नखानं टिचकी मारावी तसं. नवऱ्याला हाक मारली तर तो भिंग डोळ्याला तसंच ठेवून वर धावत आला. म्हटलं, पोटाला भिंग लावून बघणार आहेस का?

नंतर त्यानं मला एक खेळ दाखवला. मोठ्या घड्याळाच्या आत हुकासारखा एक छोटा आकडा असतो. चाकाचा एक दात सोडायचा, एक धरायचा, हे त्याचं काम. टिकटिक होते ती त्यामुळेच. चावी देऊन कमान पूर्ण भरलेली असताना त्यानं तो आकडा काढून घेतला. चाकं भिरभिरायला लागली, दात दिसेनासे झाले, गुणगुणल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, किती छान पळतंय. मग एकदम शांत. आठवड्याभराची चावी अर्ध्या मिनिटात संपली होती.

सासरे खालून ओरडले, कुणाची चावी वाया घालवलीत रे?

२३ जानेवारी

तिसावा आठवडा. डॉक्टरांनी ठोके मोजले, पुन्हा मोजले, मग यंत्र बदलून मोजले. एकशे अठ्ठ्याहत्तर. म्हणाल्या, जरा जास्त आहेत. बाळ वजनालाही मागे आहे. ताप येऊन गेला का? चहा किती घेता? मी म्हटलं, जिना चढून आले.

जाताना त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, तुम्हाला पूर्वी काही आजार, काही ऑपरेशन? मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, छे, हिला साधी सर्दी होत नाही.

स्कार्फची गाठ मी घट्ट केली होती. का, ते कळलं नाही.

२६ जानेवारी

आज दुकानात आम्ही दोघंच. सासरे एका मनगटी घड्याळावर वाकले होते. ते रोज पंचवीस मिनिटं पुढे जातंय. म्हणाले, घड्याळ असं पळायला लागलं की बिघाड बहुतेक त्याचा नसतो. कुठल्या तरी चुंबकाजवळ राहिलेलं असतं. चुंबक दूर होतो, पण त्याचं ओढणं आतल्या केसाएवढ्या कमानीत उरतं. ते उतरवता येतं, सोपं आहे. फक्त ते कशाजवळ होतं, हे कुणी तरी सांगावं लागतं.

मग भिंग काढलं, पुसलं, आणि खाली बघतच विचारलं: सूनबाई, यापूर्वी उघडलं होतं का?

माझा हात मानेकडे गेला. ते म्हणाले, तार इतकी सरळ कापत नाही गं.

मी म्हटलं, नाही बाबा. तारच होती.

त्यांनी मान डोलावली, गिऱ्हाइकासमोर डोलावतात तशीच. आणि पुन्हा भिंग लावलं.

सासूबाई संध्याकाळी कुणाच्या तरी सुनेचं सांगत होत्या. तिला फिट येतात हे लग्नानंतर कळलं, सहा महिन्यांत तिला माहेरी पाठवलं. म्हणाल्या, आजाराचं काही नाही, आजार कुणालाही होतो. लपवलेलं मात्र चालत नाही.

७ मार्च

मुलगी झाली. चार आठवडे आधीच, काल दुपारी. एक किलो नऊशे पन्नास ग्रॅम. मी ठीक आहे.

तिनं जन्मतःच डोळे उघडले. नर्सला कौतुक वाटलं. म्हणाली, बाकीची बाळं मिटून पडतात, ही बघा कशी सगळ्यांची हजेरी घेतेय! सासूबाई म्हणाल्या, आजोबांची नात, नजर पक्की.

मला जवळ दिली. तिनं माझ्याकडे बघितलं. या वयात बाळांना दिसत नाही म्हणतात. तिची पापणी लवली नाही. मी मोजत होते.

१० मार्च

घरी आलो. पाळणा पूर्वेच्या खिडकीत.

दूध जोरात ओढते. अर्ध्या तासानं पुन्हा. पुन्हा. सासूबाई खूश आहेत. पिणारं बाळ अंग धरतं म्हणतात. पण दंडाची कातडी सैल आहे, आतून कुणी काढून नेल्यासारखी. खोलीत गारवा आहे आणि तिच्या कपाळावर घाम. तीन झबली बदलली.

ती झोपत नाही. नुसती पडून राहते. पापण्या अर्ध्याच खाली येतात, खाली पांढरं दिसत राहतं.

१२ मार्च

वजन एक किलो सातशे ऐंशी. किराणावाल्याचा काटा आणून केलं. नवरा म्हणाला, काटा चुकत असेल. सासऱ्यांनी आपली पितळी वजनं ठेवून बघितली. काटा बरोबर होता.

गळ्याला पुढून फुगवटा आहे. सासूबाई त्याला दुहेरी हनुवटी म्हणतात आणि त्याचा मुका घेतात. एवढ्याशा वाळक्या बाळाला दुहेरी हनुवटी कुठून येईल?

हा फुगवटा मला माहीत आहे. हात लावायच्या आधीच माहीत आहे तो कसा लागेल. मऊ. आणि आत गुणगुणतं काही तरी.

१३ मार्च

सासऱ्यांनी तिच्या छातीला कान लावला. हातात सेकंदकाटा थांबवता येतो ते घड्याळ. डोळे मिटून मोजत होते. एकदा. दोनदा. नवऱ्याला म्हणाले, दोनशे दहा.

मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, आता विचारतील. विचारा ना. पुन्हा एकदा विचारलंत तर सांगते. गळ्यापर्यंत आलंय.

विचारलं नाही. एकदाच विचारायचं असतं.

खाली गेले. 

१४ मार्च

ऊन होतं. दुपारी तिला खिडकीत धरलं आणि उजेड तोंडावर पडला. तेव्हा ओळखलं.

फोटोतला कापलेला चेहरा जळाला नाही. माझ्या मांडीवर आहे.

तेच डोळे. तीच भूक. मला वाटलं होतं, ते गळ्यातून कापून काढलं आणि संपलं. संपलं नव्हतं. माझ्यात त्याला धरायला काही उरलं नव्हतं, म्हणून गप्प होतं एवढंच. वाट बघत. मग दुसरा गळा आला. एवढासा —

१५ मार्च

दवाखाना. पहाटे ओठ निळे झाले, धाप लागली. काचेच्या पेटीत ठेवलंय. मुलांचे डॉक्टर म्हणतात, बहुधा रक्तात जंतू गेलेत. सुया. नळ्या. यंत्रावर आकडा: २१८.

कॉरिडॉरमधून आईला फोन केला. म्हटलं, सर्जन तुला केबिनमध्ये काय म्हणाले होते? ती रडायला लागली. म्हणाली, ग्रंथी काढली तरी रक्तातलं जात नाही, असं काही तरी म्हणाले होते. नाळेतून बाळात जाऊ शकतं. दिवस राहिले की पहिल्या दिवशी डॉक्टरांना सांगा, औषध आहे, बाळ वाचतं, दोन-तीन महिन्यांत ते आपोआप उतरतं. कागदावर लिहूनही दिलं होतं.

कागद कुठाय?

म्हणाली, तुझं लग्न मोडलं असतं गं.

तिला शिवी द्यावीशी वाटली. पण फॉर्मवर ‘नाही’ तिनं लिहिलं नव्हतं.

१६ मार्च

सकाळी ठरवून उठले. डॉक्टर आले. त्यांनी स्वतःच विचारलं, आईला काही आजार? काहीही, जुना असला तरी?

सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. नवरा म्हणाला, नाही डॉक्टर, हिची तब्येत म्हणजे घोडा. आणि माझ्याकडे बघून हसला. तीन रात्री न झोपलेला माणूस, मला बरं वाटावं म्हणून हसला.

तोंड उघडलं होतं मी. शपथ. उघडलं होतं.

डॉक्टर पुढच्या पेटीकडे गेले.

ताप थोडा उतरलाय. म्हणजे जंतूच असतील. जंतूच असू देत. औषध चालू आहे. उद्या बघू. उद्या नक्की —

संध्याकाळ. २२६. डबा घेऊन सासरे आले. काचेला हात लावून उभे. जाताना म्हणाले, सूनबाई, मी विचारायला हवं होतं. दुसऱ्यांदा. दुकानाची रीत घरात आणायला नको होती.

मी स्कार्फची गाठ पुन्हा बांधली. गेले ते.

१७ मार्च

सकाळी ६.१०. सांगितलं.

नर्सबाई पेटीत हात घालून चादर सरळ करत होत्या. स्कार्फ सोडला आणि बोटानं रेघ दाखवली. इकडून तिकडे. त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं, मग बाळाच्या. हात तसाच पेटीत राहिला. थायरॉइड? म्हणाल्या. मी मान हलवली. म्हणाल्या, अहो बाई. अहो बाई, दहा दिवस झाले. आणि फोनकडे पळाल्या.

६.४०. डॉक्टर आले. घरच्याच कपड्यात. रागावले नाहीत. रागवायला हवं होतं. म्हणाले, आता सगळं जुळतं. एवढ्या लहान बाळाला द्यायचं औषध इथे नाही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून गाडी निघालीय, औषध आणि तिथले डॉक्टर घेऊन. नऊपर्यंत येईल. तोवर हृदयानं दम धरायला हवा.

७.१५. घरची साडेआठला येतील. मीच सांगणार, सगळ्यांसमोर. स्कार्फ बांधलेला नाही. ही वहीही देणार. मला घरातून काढून टाकायचं तर टाका. तिला घेऊन जा. फक्त तिला —

७.५०. २३८. हात पेटीत घातलाय. छाती नुसती भिरभिरतेय. ठोके वेगळे लागत नाहीत.

बघतेय माझ्याकडे. अजूनही पापणी नाही.

८.०५. गाडीचा फोन होता. अर्धी वाट झाली.

८.१२. आकडा उतरतोय! २१०. हाक मारली नर्सबाईंना. १९०. उतरतोय, खरंच. डोळे मिटले तिनं. पहिल्यांदाच. पूर्ण मिटले. किती शांत दिस —

१४०

नर्सबाई डॉक्टरांना ओरडून बोलावतायत. का? उतरतोय ना. औषध लागू —

९०

पण औषध तर अजून